‘पित्त झालं असेल’: टीव्हीवरच्या ताणाचा छोटा इतिहास

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात लढाया नाहीत आणि तहही नाहीत. टीव्हीनं माणसाचा ताण, त्याची चिंता कशी दाखवली आणि कशी लपवली, त्याचा हा इतिहास आहे. सुरुवात मात्र मला माझ्यापासून करावी लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची रात्र, पावणेतीन वाजलेले. त्या आठवड्यात ऑन-कॉल मी होतो, म्हणजे सर्व्हर बिघडला की फोन मला येणार. गंमत अशी की फोन वाजलाच नव्हता. वाजेल म्हणून मी नुसता जागा होतो. अचानक छातीत धडधडायला लागलं, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. म्हटलं, संपलं. सव्विसाव्या वर्षी हार्ट अटॅक! रूममेटनं स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "पित्त झालं असेल." सकाळी सांगलीला फोन करून आईला तेच सांगितलं. आई म्हणाली, "रात्री-अपरात्री वडापाव खातोस, दुसरं काय होणार?" विषय संपला.

तो पॅनिक अटॅक होता, हे मला कळलं चार महिन्यांनी. आणि कळलं कुणाकडून? एका गुंडाकडून. टोनी सोप्रानो त्याचं नाव.

‘द सोप्रानोज’ ही मालिका अमेरिकेत एचबीओवर 10 जानेवारी 1999 ला सुरू झाली. टोनी हा न्यू जर्सीतला माफिया. त्याच्या स्विमिंग पूलमध्ये रानबदकं येऊन राहतात, पिल्लं घालतात. त्यांना बघून हा माणूस लहान मुलासारखा खूश होतो. एक दिवस बदकं उडून जातात आणि टोनी तिथेच, घरच्या पार्टीत, धाडकन कोसळतो. सगळ्या तपासण्या होतात. शरीरात काहीही सापडत नाही. मग त्याला डॉ. मेल्फी या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवतात. तिथं हळूहळू उलगडतं की बदकं गेली याचं दुःख नव्हतंच. आपलं कुटुंबही असंच एक दिवस हातातून जाईल, ही ती भीती होती.

मी ते बघताना पॉज केलं. ईसीजीचा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

आता जरा तारखा बघा. ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे वेगळं निदान म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात आलं 1980 साली. टीव्हीवर हा आजार घेऊन जगणारा असा दणकट नायक यायला आणखी 19 वर्षं लागली. आणि आला तरी त्याला ते लपवावं लागतंच. आपण डॉक्टरकडे जाऊन मनातलं बोलतो हे टोळीत कळलं तर जीव जाईल, हे टोनीला पक्कं माहीत आहे. ही मालिका 2007 पर्यंत, 86 भाग चालली.

मग मी मागे गेलो. त्याआधी टीव्ही काय करत होता? तर हसत होता. 1972 साली सीबीएसवर ‘मॅश’ सुरू झाली. कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी दवाखान्यातले डॉक्टर हे तिचे नायक. मालिका विनोदी, त्यामुळे चॅनलचा आग्रह की मागे हसण्याचा आवाज हवाच. मालिका घडवणाऱ्यांना तो नको होता. शेवटी तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरमधल्या प्रसंगांना हसणं लावायचं नाही. म्हणजे एकाच भागात तंबूत हशा आणि टेबलाजवळ शांतता. मला वाटतं, ताण कसा लपवतात याचं याहून नेमकं चित्र सापडणार नाही.

28 फेब्रुवारी 1983 ला ‘मॅश’चा शेवटचा भाग लागला. अमेरिकेत सुमारे 10 कोटी 60 लाख लोकांनी तो बघितला. त्यात सगळ्यांना हसवणारा हॉकआय मनोरुग्णालयात आहे. त्याला एक बस आठवते. शत्रू जवळ आहे, सगळ्यांनी गप्प बसायचंय, आणि एक बाई आपल्या कलकलणाऱ्या कोंबडीचं तोंड दाबते. डॉक्टर त्याला पुन्हापुन्हा तिथं नेतात. शेवटी बांध फुटतो. ती कोंबडी नव्हती, बाळ होतं. 11 वर्षं विनोद करणाऱ्या माणसाचं मनसुद्धा पांघरूण घालत होतं.

आता 2020 मध्ये या. ‘टेड लासो’. एक अमेरिकन प्रशिक्षक इंग्लंडमध्ये फुटबॉल शिकवायला जातो. कायम हसरा, कायम गोड. पहिल्या सीझनमध्ये कॅरिओकेच्या रात्री त्याला पॅनिक अटॅक येतो. दुसऱ्या सीझनमध्ये तर चालू सामना सोडून तो मैदानाबाहेर पळतो. आणि लोकांना काय सांगतो? पोट बिघडलं होतं!

मी जोरात हसलो. म्हटलं, हे तर आमच्याच घरातलं निघालं. तिकडे पोट, इकडे पित्त.

आपल्या मालिकांचंही बघा. वाईट बातमी येते, तीन वेळा कॅमेरा चेहऱ्यावर जातो, बाई चक्कर येऊन पडतात, सलाईन लागतं, आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "त्यांना टेन्शन देऊ नका." नीट ऐका हं, "देऊ नका." टेन्शन नेहमी दुसरा कुणीतरी देतो. माणसाच्या आत ते आपोआप साठू शकतं, हे त्यात बसतच नाही.

एक तक्रार मात्र मला सगळ्यांबद्दलच आहे. टीव्हीला कोसळणं आवडतं. चित्र धूसर होतं, कानात शिट्टी वाजते, दीड मिनिटात सीन संपतो. पण न वाजलेल्या फोनकडे बघत काढलेली रात्र कोण दाखवणार? त्यात बघण्यासारखं काहीच घडत नाही. म्हणूनच कोसळेपर्यंत आपण स्वतःला ‘बरा आहे’ समजतो. मीही समजत होतो.

थोडं बदलतंय. ‘कोटा फॅक्टरी’ आपण सगळ्यांनी बघितली. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर दोनदा. 2024 च्या तिसऱ्या सीझनमध्ये सगळ्यांना धीर देणारे जीतू भैया स्वतःच थेरपिस्टसमोर जाऊन बसतात. एका विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर ते आतून मोडलेत. तिथं कोसळणं कमी आणि बसून बोलणं जास्त आहे. मला ते कोसळण्यापेक्षा धाडसाचं वाटलं.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आईला खरं सांगितलं. फराळाचे डबे भरता भरता ती थांबली. म्हणाली, "तुझ्या बाबांनाही व्हायचं असं. बदली झाली त्या वर्षी. रात्री उठून अंगणात बसायचे." मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?" ती म्हणाली, "काय करणार? पित्ताच्या गोळ्या आणायचो."

तर मंडळी, छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घ्याच, त्यात हयगय नको. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोष्ट तिथंच संपवू नका. टेली-मानसचा नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.