मनाचें मोजमाप

कळव्याहून खाडीचा पूल ओलांडला कीं ठाणें लागतें. तेथें १९०१ सालीं मनोरुग्णांचें इस्पितळ उभें राहिलें आणि ‘ठाण्याला पाठविणें’ या शब्दांस मराठी बोलण्यांत एकच अर्थ उरला. वेडा ठरलेल्या माणसाचें स्वतःविषयींचें म्हणणें त्या काळीं बहुधा रोगाचेंच लक्षण समजलें जाई.

या म्हणण्याला शास्त्राच्या दरबारांत पुरावा म्हणून स्थान आहे काय, हा मानवतावादी मानसशास्त्राचा मूळ प्रश्न. निसर्गाचें स्पष्टीकरण द्यावयाचें, पण मनोजीवन आंतून समजून घ्यावयाचें, असा भेद जर्मन तत्त्वज्ञ डिल्टाय यांनीं १८९४ सालींच केला होता. वर्तनवाद्यांस तो मान्य नव्हता. १९५६ सालीं स्किनर व कार्ल रॉजर्स यांचा वाद ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. वर्तनावर परिस्थितीचें नियंत्रण असतेंच, तें डोळसपणें योजावें, हा स्किनर यांचा पक्ष. तें कोणीं आणि कोणत्या मूल्यांसाठीं योजावयाचें, हा रॉजर्स यांचा प्रतिप्रश्न. आणि तो आजही सुटलेला दिसत नाहीं.

रॉजर्स मात्र केवळ वादावर विसंबले नाहींत. १९४२ च्या ग्रंथांत त्यांनीं एका उपचाराचें समग्र संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापलें. बंद दाराआडची गोष्ट अशी परीक्षेस खुली झाली. १९५४ सालीं त्यांच्या शिकागो येथील सहकाऱ्यांनीं आणखी धाडस केलें. शंभर विधानांचे पत्ते रुग्णाच्या हातीं देऊन ते दोनदां लावण्यास सांगितलें: एकदां ‘मी असा आहें’ म्हणून, एकदां ‘मी असा असावा’ म्हणून. उपचारापूर्वीं दोहोंतील सहसंबंध जवळजवळ शून्य होता; नंतर तो सरासरी ०.३४ झाला. मोजणी गणिताची, परंतु निवाडा सर्वस्वीं रुग्णाचा! शास्त्र आणि माणूस यांची अशी सांगड पूर्वीं क्वचितच घातली गेली असेल.

तरी एक उणीव राहतेच. आदर्शच अवास्तव असेल तर? अल्बर्ट एलिस यांनीं नेमकें तेथें बोट ठेविलें. मनुष्य ‘असें व्हावें’ या इच्छेचें ‘असें झालेंच पाहिजे’ या हट्टांत रूपांतर करतो, आणि त्याचें दुःख त्या हट्टांतून उपजतें, हें त्यांचें प्रतिपादन.

१९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं ठाण्यांतच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली. एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धती त्यांनीं मराठी वाचकांपर्यंत पोंचविली, वेदान्ताशीं तिचें नातेंही जोडून दाखविलें. येथें रुग्णाचें म्हणणें ऐकून घेतलें जातें, आणि मग त्यांतील ‘पाहिजेच’ कोठून आलें, हें त्यालाच विचारलें जातें.