अस्तर आणि गाठ

गर्भाशयाच्या अस्तराची वैद्यकशास्त्राशी ओळख झाली ती खरवडून काढण्याची वस्तू म्हणून. पाळी थांबण्याला 'मेनोपॉज' हे नाव 1821 साली फ्रान्समध्ये शार्ल द गार्दान यांनी दिले आणि 1840च्या दशकात त्याच देशात जोसेफ रेकामिए यांनी क्युरेट हे हत्यार वापरात आणले. बाईच्या अंगावरून फार जाऊ लागले की अस्तर खरवडायचे आणि ते जाड दिसले की दाह झाला असे म्हणायचे, ही रीत अर्धशतकाहून अधिक काळ चालली. तिला धक्का बसला 1908 साली व्हिएन्नामध्ये. फ्रिट्झ हिट्शमान आणि लुडविग आडलर यांनी अस्तराचे नमुने पाळीच्या दिवसांशी ताडून पाहिले, तेव्हा आजार समजली गेलेली बरीचशी रूपे ही केवळ महिन्याच्या चक्रातली वळणे निघाली. पुढे रॉबर्ट श्रोडर यांनी पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या रक्तस्रावाचाही उलगडा केला. या वयात कित्येक महिने बीज सुटतच नाही. त्यामुळे अस्तर वाढत राहते, त्याला थांब म्हणणारे कोणी नसते, आणि शेवटी ते कसेही, केव्हाही ढासळते.

हे 'वाढ' आणि 'थांब' म्हणणारे कोण, याचा शोध लागायला आपल्याला 1920च्या दशकात यावे लागते. अमेरिकेत सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी 1923 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून बीजकोशातील स्रावाचा माग काढला. 1929 साली डॉइझी आणि जर्मनीतील ब्युटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोनचे, म्हणजे एका इस्ट्रोजेनचे, स्फटिक मिळवले. त्याच वर्षी जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी दुसऱ्या स्रावाचे, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचे, अस्तरावरील काम दाखवून दिले. बर्लिनच्या कार्ल कॉफमान यांनी तर 1930च्या दशकाच्या आरंभी बीजकोश काढलेल्या स्त्रियांना दोन्ही स्राव क्रमाने देऊन पुन्हा पाळी आणली. एक संप्रेरक अस्तर रचते, दुसरे ते पक्व करते आणि दोन्ही ओसरली की ते गळते, हे सारे तेव्हाच माहीत झाले होते. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, हाती आलेले हे ज्ञान बाजाराने पुढची चार दशके बाजूला ठेवले.

1942 साली गाभण घोडींच्या मूत्रापासून बनवलेली 'प्रेमारिन' ही गोळी अमेरिकेत विक्रीला आली. तिच्यात इस्ट्रोजेन होते, प्रोजेस्टेरॉन नव्हते. पाचच वर्षांनी, 1947 साली, न्यूयॉर्कच्या सॉल गुसबर्ग यांनी एकट्या इस्ट्रोजेनने अस्तर फाजील वाढते आणि ती कर्करोगाची पायरी ठरू शकते, असा इशारा दिला. तो फारसा कोणी ऐकला नाही. ऐकले गेले ते रॉबर्ट विल्सन यांचे. 1966च्या 'फेमिनाइन फॉरएव्हर' या पुस्तकात त्यांनी रजोनिवृत्ती हा टाळता येणारा ऱ्हास ठरवला आणि गोळीचा खप वाढला. मग 4 डिसेंबर 1975 रोजी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात सिएटल आणि लॉस एंजेलिस येथील दोन अभ्यास छापून आले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका एकात साडेचार पट, दुसऱ्यात साडेसात पट आढळला होता. तेव्हा कुठे कॉफमान यांची जोडी औषधाच्या चिठ्ठीवर परतली. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'पेपी' चाचणीने हिशेब पक्का केला: तीन वर्षे एकटे इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 62 टक्क्यांचे अस्तर फाजील वाढले, जोडीने घेणाऱ्यांचे जवळजवळ मुळीच नाही.

गर्भाशयाच्या पिशवीला गाठी असलेल्या बाईसाठी मात्र ही सोय सरळ उरत नाही. चिलीमध्ये आलेहान्द्रो लिपशुट्झ यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस गिनीपिगांत इस्ट्रोजेनने तंतुमय गाठी निर्माण केल्या, आणि प्रोजेस्टेरॉन त्यांना अडवते असेही दाखवले. त्यावरून गाठींची पोशिंदी इस्ट्रोजेन, हा समज रुजला. 1993 साली कॅलिफोर्नियात तो उलटला. प्रोजेस्टेरॉनला रोखणारे मिफेप्रिस्टोन तीन महिने दिल्यावर दहा स्त्रियांच्या गाठी सरासरीने निम्म्यावर आल्या. म्हणजे जे संप्रेरक अस्तराचा सांभाळ करते, तेच गाठीला खाऊ घालते. याच वाटेवरचे युलिप्रिस्टल युरोपात 2012 साली आले. त्याने गाठी आटत, पण अस्तर असे काही विचित्र दिसे की सूक्ष्मदर्शकावरच्या डॉक्टरांना एक नवीच नोंद करावी लागली. शेवटी यकृताच्या इजेमुळे 2020 मध्ये ते जवळपास बाजूला पडले. 2021 साली मान्यता मिळालेल्या रेलुगोलिक्सच्या गोळीत बीजकोशाला झोपवायचे आणि दोन्ही संप्रेरके थोडी थोडी परत द्यायची, अशी तडजोड आहे.

आज आपल्याकडे पंचेचाळिशीनंतर सोनोग्राफीत 'अस्तर जाड, गाठी आहेत' असे आले की घरचे घाबरतात. पाळी पूर्ण थांबल्यावर रक्तस्राव झाला, तर अस्तराच्या जाडीचा 4 मिलिमीटरचा मापदंड उपयोगी पडतो. त्याआधीच्या वर्षांत अस्तर महिन्याभरातच पातळ-जाड होत असल्याने नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, नमुना तपासावा लागतो. 1990 साली फिनलंडमध्ये आलेले मिरेना हे गर्भाशयात बसवायचे साधन अस्तरापाशीच प्रोजेस्टेरॉनसारखे प्रोजेस्टिन सोडते, मात्र गाठ पोकळीत डोकावत असेल तर ते निसटू शकते. हे पर्याय सगळ्यांपर्यंत पोचलेले नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर 2019 साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिकडे अमेरिकेत रजोनिवृत्तीतील संप्रेरकांच्या 2002च्या मोठ्या चाचणीनंतर त्यांच्या वेष्टनांवर हृदय आणि स्तनांविषयीचे ठळक इशारे छापले गेले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ते काढण्याचे जाहीर केले. शरीरभर पोचणाऱ्या एकट्या इस्ट्रोजेनवरचा अस्तराच्या कर्करोगाचा इशारा तेवढा ठेवला.