लोणी भापकरचा वारसा नेमका कोणाचा?

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुन मंदिर, पुष्करणी, यज्ञवराहाचे शिल्प आणि वीरगळ यांसाठी ओळखले जाते. वारसा म्हटला की लोक एवढेच मोजतात. पुष्करणीचे दगड कोणी फोडले, त्या पाण्याला हात लावायची मुभा कोणाला होती, हे कोणी विचारत नाही. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी जावे लागले, त्याने तरी हे विचारलेच पाहिजे.

मग इथले मूळचे कोण? आपले अनेक कार्यकर्ते 'आम्ही मूलनिवासी, बाकीचे परके' असे सांगून मोकळे होतात. आम्हाला हे उत्तर पटत नाही.

ऑस्ट्रेलियात या शब्दामागे ठोस पुरावा आहे. तिथे इंग्रजांची वसाहत १७८८ साली सुरू झाली आणि आदिवासींची जमीन बेवारस धरली गेली. १९९२ च्या माबो निकालाने ते तत्त्व मोडीत काढले. पुढे २०१५ साली डार्लिंग नदीकाठच्या विलकॅनिया परिसरात बारकिंजी लोकांचा जमिनीवरील पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला.

आपल्याकडे काय आहे? लोणीजवळच्या मोरगावला कऱ्हा नदीच्या काठी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ती लाखो वर्षांपूर्वीची आहेत. त्यांवर कोणती जात हक्क सांगणार? स्वतः बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात स्पृश्य आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे आहेत, हे मत खोडून काढले. रक्तावरून माणसाची जागा ठरवणे हा तर जातिव्यवस्थेचाच तर्क आहे. तो आपण उलटा करून का वापरावा?

आमच्या मते आपला दावा श्रमावर आणि संघर्षावर उभा आहे. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. ज्याला गावाबाहेर ठेवले, त्यालाच गावाची हद्द पाठ होती! या राबणुकीच्या बदल्यात मिळालेल्या वतनाने त्याला बांधूनच ठेवले. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

याच कऱ्हेच्या खोऱ्यात शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवली. १९१० साली जेजुरीच्या परिषदेतून थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यात लष्कर आणि पोलिसांत भरतीची मागणी होती. हाही कऱ्हाकाठचा वारसा आहे आणि तो कागदावर आहे.

तेव्हा बांधवांनो, मंदिर जरूर पाहा. पण आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळही बसा. वतनाची जमीन कोणती होती, ती कोणाकडे गेली, पाणी कुठून आणत होते, हे विचारा आणि लिहून ठेवा. जुने फेरफार काढून पाहा. वंशाच्या गोष्टींपेक्षा हा पुरावा आपल्या जास्त कामाचा आहे.

जय भीम!