गुन्हापीडित व पोलीस

गुन्ह्याने हानी पोहोचलेल्या व्यक्तीस पोलिसांचे वर्तन न्याय्य वाटणे, हे केवळ गुन्हेगार सापडण्यावर अवलंबून नसते. तक्रार ऐकून घेतली गेली का, तिची नोंद झाली का व तपासाची वार्ता मिळाली का, यांवरही ते ठरते.

पेशवाईत दख्खनच्या गावांत पाटील, जागले, रामोशी इ. चोरीचा तपास करीत. चोरांचा माग ज्या गावाच्या शिवेत संपे, त्या गावाने चोर हजर करावा वा भरपाई द्यावी, असा प्रघात होता. त्यात निरपराध गावकऱ्यांवर बोजा पडे. परंतु पीडिताची हानी हाच तपासाचा मुख्य विषय असे. ब्रिटिश अमदानीत १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर गुन्हा हा शासनाविरुद्धचा अपराध म्हणून हाताळला जाऊ लागला आणि पीडित केवळ खबर देणारा उरला.

मळवली (ता. मावळ, जि. पुणे) येथे लोहमार्ग पोलीस व ग्रामीण पोलीस यांच्या हद्दी एकमेकींस लागून आहेत. अशा ठिकाणी हद्दीच्या सबबीवर परत पाठविले गेल्यास पीडितास तो दुसरा अन्याय वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक ठरविले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा विचार न करता खबर नोंदवावी लागते. तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवावी लागते. हानीची दखल मागण्याचा पीडिताचा जुना अधिकार अशा रीतीने अंशतः परत आला आहे. तथापि त्याची खरी कसोटी ठाण्यातील पहिल्या भेटीतच लागते.