‘आडनाव काय?’ : एका खोलीसाठी दोन सोंगं

आमच्या वाशिम, रिसोड, कारंज्याकडची पोट्टी अभ्यासाला नाहीतर नोकरीला पुण्याला जातात, तेव्हा पहिली लढाई रूमची. भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, आणि मग हळूच प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’

हा प्रश्न आला की मला एक सिनेमा आठवतो आणि एक कथा.

सिनेमा तुम्हाला पाठ आहे. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू जोडपीच हवीत, म्हणून परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा. मूळ कल्पना १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची, पण वसंत सबनीसांनी ती अस्सल पुणेरी करून टाकली. आपण बिनधास्त हसतो, कारण ही पोरं पकडली गेली तरी फार काही बिघडणार नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

आता १९६३ मध्ये चला. बाबुराव बागुलांचा कथासंग्रह, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. शीर्षककथेतला दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतजवळच्या उधन्याला जातो. त्यालाही खोलीच हवी असते. गंमत बघा, तो दुसरी कुठली जात सांगतच नाही. ‘तू कोण?’ असं विचारल्यावर तो इतक्या ताठ मानेनं बोलतो, की समोरचा त्याला वरच्या जातीचा धरून चालतो. म्हणजे सोंगासाठी साडी लागली नाही. नुसता स्वाभिमान पुरला! पुढं जात उघड होते आणि त्याला बेदम मारतात. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ पासून होता, तरीही. बागुलांनी स्वतः सुरतेत रेल्वेत नोकरी करताना खोलीसाठी जात लपवली होती.

मला अडवतो तो ‘चोरली’ हा शब्द. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते ना? यानं कुणाचं काय नेलं?

कथेत काशिनाथ नावाचा आणखी एक कामगार आहे. तो जात लपवत नाही, रोजचा अपमान अंगावर घेतो, भांडतो. मार खाणाऱ्याला वाचवायला शेवटी तोच धावतो.

कथा मिळवून वाचा. मग ‘बनवाबनवी’ परत लावा आणि खोली शोधायचा सीन बघा. धनंजय मानेला कोण काय विचारतं, तेवढं मला मेसेज करून सांगा.