मेलेल्या गाडीचा नंबर

जळगावात आमचे मामू गॅरेज चालवत. त्यांच्याकडे आकडे ठोकायच्या पोलादी पंचांचा एक डबा होता. पंच नऊच. सहाचा पंच उलटा धरला की नऊ उमटतो, ही त्यातली गंमत मला फार आवडायची.

एकदा धुळ्याहून एक गृहस्थ जीप घेऊन आले. सोबत भंगारात गेलेल्या दुसऱ्याच जीपचं आरसी बुक आणि तिची पितळी पट्टी. "मिस्त्री, एवढा नंबर चासीवर ठोकून द्या." मामूंनी आधीचा नंबर घासला, नवा ठोकला, पट्टी रिबीट मारून बसवली. मी शाळकरी होतो. बॅटरी मीच धरली होती.

ही युक्ती काही खानदेशची नव्हे. अमेरिकेत जुन्या हौशी गाड्यांचा बाजार मोठा. साध्या मॉडेलवर दुर्मीळ मॉडेलची बनावट पट्टी लावली की किंमत कुठल्या कुठे जाते. तिथे 1981 पासून गाडीला सतरा अंकाक्षरांचा नंबर आला आणि 1984 मध्ये नंबरशी छेडछाड हा केंद्रीय गुन्हा ठरला.

आपल्याकडेही कायदा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी नष्ट झाली, की मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची. म्हणजे गाडीबरोबर तिचा कागदही मरायला हवा. तो कपाटात जिवंत राहतो, तिथून सगळं सुरू होतं. खोट्या नंबरावर गाडी विकली तर ती फसवणूकच. पूर्वी कलम 420, आता न्याय संहितेचं 318. 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही अट. आधी नोंद असेल तर जुना नंबर कायम राहतो. त्यामुळे जुन्या नंबराचा मोह वाढतो, असं मला वाटतं.

मग दुरुस्ती कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते? 1990 मध्ये लंडनच्या कोर्टात हाच वाद गेला. 1929 आणि 1930 ची ल मां शर्यत जिंकलेली बेंटली विकली गेली, आणि ही ती गाडीच नव्हे, असं खरेदीदार म्हणू लागला. मूळचे भाग तिच्यात फार थोडे उरले होते. तरी कोर्टानं ती खरी मानली. कारण भाग बदलत गेले, पण गाडीची हयात अखंड होती. मामूंच्या जीपची हयात तर घासूनच टाकलेली.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुने कागद सांभाळतं आहे. अभ्यासकाला तिथं नक्कलही उपयोगी पडते, ती नक्कल म्हणून ठेवलेली असली की. आम्ही गझल लिहिणारे शेवटच्या शेरात टोपणनाव गुंफतो. दुसऱ्याच्या गझलेत स्वतःचं नाव घालणाऱ्याला आम्ही लगेच चोर म्हणतो. जीपच्या बाबतीत मात्र घरात सगळे म्हणाले, "हौसेची गाडी, कुणाचं काय गेलं?"

ज्याची जीप गेली असेल त्याचं गेलं. घासलेला नंबर कुणाच्या गाडीचा होता, ती चोरीची होती का, हे मामूंनी विचारलंच नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनीच विषय काढला. "तो नंबर तू वाचला होतास ना? आठवतो का?"

मला पहिले दोनच आकडे आठवत होते.