हजेरी आणि सेवा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज ज्या इतिहासाकडे मी आपलें लक्ष वेधणार आहें, त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. तो आहे चार साध्या व्यावसायिकांच्या एका बैठकीचा आणि तींतून पुढें जगभर पसरलेल्या सेवामंडळांचा. रोटरी, लायन्स, किवानिस अशीं त्यांचीं नांवें आहेत. एखाद्या बागेच्या दारावर, पाणपोईवर किंवा रक्तपेढीच्या भिंतीवर दांतेरी चक्राचें चिन्ह आपण पाहिलें असेल. तें रोटरीचें चिन्ह होय. या मंडळांविषयीं सुशिक्षित घरांतून दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, सरकारला जें साधत नाहीं तें हीं मंडळें करून दाखवितात. कोणी म्हणतात, सुखवस्तु लोकांनीं जेवणावळी कराव्या, एकमेकांच्या गळ्यांत हार घालावे, चार वह्या वाटाव्या आणि छायाचित्र काढून घ्यावें, यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. दोन्ही मतांना थोडाथोडा आधार आहे. तेव्हां खरें काय हें पाहावयाचें, तर मुळापासून आरंभ केला पाहिजे.

रोटरीचा जन्म अमेरिकेंतील शिकागो शहरीं २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं झाला. पॉल हॅरिस नांवाचे एक वकील १८९६ सालीं त्या शहरांत येऊन राहिले होते. त्यांचें बालपण व्हर्मांट राज्यांतील वॉलिंगफर्ड या लहानशा गांवीं आजीआजोबांच्या घरीं गेलें होतें. जेथें प्रत्येक माणूस दुसऱ्यास नांवानें हांक मारतो अशा गांवांतून आलेल्या माणसाला शिकागोची गर्दी हें एक अरण्यच वाटलें. अशिलें मिळत, पण मित्र मिळत नसत. आपल्यासारखे आणखी पुष्कळ लोक असे एकाकी असतील, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्या संध्याकाळीं युनिटी बिल्डिंग नांवाच्या इमारतींत ७११ क्रमांकाच्या खोलींत चौघे जमले : स्वतः हॅरिस, खाणींचे इंजिनियर गुस्ताव्हस लोर, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिवणकामाचा व्यवसाय करणारे हिरम शोरी. खोली लोर यांच्या कचेरीची होती. पुढील बैठकी पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरूं लागल्या आणि या पाळीवरूनच मंडळास रोटरी हें नांव पडलें.

आतां कोणास वाटेल कीं, हे चौघे दीनदुबळ्यांच्या कळवळ्यानें एकत्र आले असतील. तसें मुळींच नव्हतें. स्नेह वाढवावा आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यावें, हे त्यांचे दोन हेतु होते आणि मंडळाच्या पहिल्या घटनेंत ते उघडपणें लिहिलेले होते. प्रत्येक धंद्यांतील एकच सभासद घ्यावयाचा, असा नियम होता. म्हणजे आपसांत चुरस नको. कोणी कोणास किती काम मिळवून दिलें याची नोंद ठेवण्यासाठीं एक अधिकारीहि नेमलेला होता. मला यांत लाज वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. प्रपंची माणूस आधीं आपलें पाहतो, हा जगाचा रिवाज आहे. प्रश्न इतकाच कीं, तो तेथेंच थांबतो कीं पुढें जातो.

पुढें जाण्यास कारण झाला एक नकार. १९०६ सालीं डोनाल्ड कार्टर नांवाच्या वकिलांना सभासद होण्याचें निमंत्रण गेलें. त्यांनीं विचारलें कीं, मंडळाचे उद्देश कोणते? ते ऐकल्यावर त्यांनीं नम्रपणें नाहीं म्हटलें. सभासदांखेरीज इतरांचें ज्यांत कांहींच हित नाहीं अशा मंडळांत त्यांना गोडी वाटेना. दुसरे कोणी असते तर अशा माणसास शिष्ट म्हणून विसरून गेले असते. शिकागोच्या मंडळानें तसें केलें नाहीं. त्यांनीं कार्टर यांनाच सांगितलें कीं, आपण आंत या आणि घटनेंत जें कमी आहे तें आपणच लिहा. अशा रीतीनें शहराचें हित साधणें आणि नागरिकांत शहराविषयीं अभिमान वाढविणें, हा तिसरा उद्देश जोडला गेला. सेवेचें बीज बाहेरच्या एका माणसाच्या आक्षेपांतून आलें, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टीका करणाऱ्यास आंत बोलावून काम देण्याची ही बुद्धि आपल्याकडील अनेक संस्थांना अजून सुचावयाची आहे.

उद्देश लिहिणें सोपें असतें. पहिलें काम कोणतें घ्यावें? १९०७ सालीं मंडळानें जें काम हातीं घेतलें तें ऐकून आपणांस हंसूं येईल : नगरगृहाजवळ सार्वजनिक शौचालय व्हावें! त्या काळीं रस्त्यावरील माणसाला या नैसर्गिक गरजेसाठीं एक तर दारूच्या गुत्त्यांत शिरावें लागे, नाहीं तर मोठ्या दुकानांत. गुत्त्यांत शिरला कीं एक पेला घेणें ओघानेंच आलें. दुकानांत शिरली कीं बाई कांहीं तरी विकत घेणारच. त्यामुळें मद्य गाळणारे आणि दुकानदार या दोघांनींहि योजनेस विरोध केला. तरी मंडळानें इतर संस्थांना व नगरपालिकेला बरोबर घेऊन तें काम तडीस नेलें. या कामांत ना कीर्ति ना शोभा. परंतु ज्याची गरज रोज हजारों लोकांना लागते आणि ज्याविषयीं बोलण्यास प्रतिष्ठित लोक संकोचतात, तें काम उचलणें यालाच सेवा म्हणावयाचें. आमच्या संत गाडगे महाराजांनीं खराटा हातीं घेऊन हाच धडा महाराष्ट्राला दिला.

यानंतर प्रसार झपाट्यानें झाला. १९०८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोस दुसरें मंडळ निघालें. १९१० पर्यंत त्यांची संख्या सोळा झाली. १९१५ सालीं डेट्रॉइटला किवानिस निघालें आणि १९१७ सालीं शिकागोच्याच मेल्विन जोन्स यांनीं लायन्सची स्थापना केली. लायन्सचेंहि पाऊल सेवेच्या एका ठराविक वाटेवर पडलें तें बाहेरच्या हांकेनेंच. १९२५ सालीं ओहायो राज्यांत भरलेल्या त्यांच्या अधिवेशनांत हेलन केलर यांनीं अंधांचे कैवारी होण्याचें आवाहन केलें, आणि तेव्हांपासून नेत्रसेवा हें लायन्सचें मुख्य काम झालें. रोटरीचा निधि उभारण्याची कल्पना १९१७ सालीं आर्च क्लम्फ यांनीं मांडली. त्या निधीस पहिली देणगी आली ती केवळ साडेसव्वीस डॉलरांची.

हिंदुस्थानांत रोटरी आली ती कलकत्त्यास, १९१९-२० च्या सुमारास; मुंबईचें मंडळ १९२९ सालीं झालें. १९६२-६३ या वर्षीं कलकत्त्याचे नीतीशचंद्र लाहिरी हे जागतिक रोटरीचे अध्यक्ष झाले; त्या पदावर बसणारे ते पहिले आशियाई होत. परंतु येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सेवेचा संघटित विचार आपण पश्चिमेकडून उसना घेतला, असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या १९०५ सालीं शिकागोस ते चौघे जमले, त्याच १९०५ सालीं जूनच्या १२ तारखेस पुण्यास नामदार गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजाचे सभासद असलेले नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढून कामकरी वर्गासाठीं रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालविलीं.

दोहोंची तुलना उद्बोधक आहे. गोखल्यांनीं माणसाचें सारें आयुष्य मागितलें : अल्प वेतन, कडक शिस्त आणि स्वतःसाठीं पैसा मिळविण्याचा त्याग. रोटरीनें आठवड्यांतून एक वेळ मागितली. पहिला मार्ग संन्याशाचा, दुसरा गृहस्थाचा. पहिला अर्थातच श्रेष्ठ. परंतु ज्याला घर आहे, मुलें आहेत, दुकान आहे, त्यानें काय करावें? समाजांत संन्याशी मूठभर आणि गृहस्थ लाखों. त्या लाखोंना झेपेल असें व्रत कोणी तरी आंखून द्यावयास हवेंच होतें.

या व्रताचें मर्म कशांत आहे? माझ्या मतें तें हजेरींत आहे. माझें आयुष्य शाळेंत हजेरी घेण्यांत गेलें, म्हणून कदाचित् मला तसें वाटत असेल. परंतु रोटरीचा जुना नियमच असा होता कीं, ओळीनें चार बैठकींस जो गैरहजर राहील त्याचें सभासदत्व जावें. सणासुदीला उदार होणें कोणासहि जमतें. दर आठवड्यास ठरल्या वेळीं येणें ही खरी कसोटी. मनाचा उमाळा ओसरल्यावरहि जी टिकते ती सेवा.

या मंडळांचे दोषहि याच ठिकाणीं सांगतों. आपल्या देशांत बरेच दिवस त्यांचा कारभार इंग्रजींतून आणि त्यांची वर्गणी श्रीमंतांच्या खिशाला बेतून चालली. त्यामुळें सामान्य शिक्षक किंवा कारागीर बाहेरच राहिला. दुसरा दोष याहून मोठा. रोटरीचें दार स्त्रियांना कित्येक वर्षें बंद होतें. कॅलिफोर्नियांतील डुआर्ते येथील मंडळानें १९७७ सालीं तीन स्त्रियांना सभासद करून घेतलें. तेव्हां मध्यवर्ती संस्थेनें त्या मंडळासच बाहेर काढलें. प्रकरण न्यायालयांत गेलें. १९८७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्त्रियांच्या बाजूनें लागला आणि १९८९ सालीं रोटरीनें जगभर आपला नियम बदलला. सेवेचा मंत्र जपणाऱ्या संस्थेला अर्ध्या मनुष्यजातीची हजेरी मांडण्यास ८४ वर्षें लागावीं, ही गोष्ट इतिहासानें लपवूं नये.

आतां हजेरीचें महत्त्व ज्यांत सर्वांहून स्पष्ट दिसलें त्या कार्याकडे वळूं. पोलिओ या रोगानें कित्येक पिढ्यांचीं मुलें पंगु केलीं. त्याचा कपटीपणा असा कीं, लागण झालेल्या बहुतेक मुलांत कांहींच लक्षण दिसत नाहीं; तीं हंसतखेळत रोग पसरवितात आणि एखाद्याच दुर्दैवी मुलाचा पाय लुळा पडतो. म्हणून हजारांतील नऊशें नव्वद मुलांना लस देऊन भागत नाहीं. उरलेलीं दहा कोठें आहेत हें शोधावें लागतें. रोटरीनें १९७९ सालीं फिलिपाइन्समध्यें सुमारें साठ लाख मुलांना लस पाजण्याचा उपक्रम हातीं घेतला. १९८५ सालीं साऱ्या जगासाठीं बारा कोटि डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला. १९८८ पर्यंत प्रत्यक्षांत जमले चोवीस कोटि सत्तर लाख. त्याच १९८८ सालीं जगांतील राष्ट्रांनीं पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळीं १२५ देशांत मिळून वर्षास सुमारें साडेतीन लाख मुलें या रोगानें पंगु होत असत.

आपल्या देशांत सर्व राष्ट्रभर लस पाजण्याचे दिवस १९९५ च्या डिसेंबरपासून सुरू झाले. एकेका राष्ट्रीय फेरींत सतरा कोटींच्या आसपास बालकें आणि वीस लाखांहून अधिक लस पाजणारीं माणसें. डाव्या करंगळीला शाई लावावयाची. मागाहून घरोघर जाऊन दारावर खडूनें खूण करावयाची. जेथें मूल राहिलें तेथें पुन्हां जावयाचें. शाळेचा हजेरीपट म्हणतात तो हाच, फक्त वर्ग साऱ्या देशाएवढा! वीटभट्ट्या, रेल्वेचीं फलाटें, बिहारमधील कोसी नदीचा पूरग्रस्त मुलूख, कोठेंहि मूल सुटतां कामा नये. उत्तर प्रदेशांत अफवा उठल्या कीं, या थेंबांनीं मुलें पुढें निपुत्रिक होतात. दारें बंद झालीं. तेव्हां रोटरीनें तेथील मुसलमान धर्मगुरूंची समिति करून त्यांच्याच मुखानें लोकांची समजूत घातली. श्रेय एकट्या रोटरीचें नव्हे. मुख्य भार वाहिला तो सरकारनें, अंगणवाडीच्या सेविकांनीं आणि उन्हातान्हांत पेटी खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या आरोग्यसेवकांनीं. जागतिक संस्थांचें साह्य होतेंच. मंडळांनीं पैसा दिला, वाहनें दिलीं, केंद्रांवर माणसें बसविलीं आणि, माझ्या दृष्टीनें मुख्य म्हणजे, वर्षानुवर्षें कंटाळा केला नाहीं.

कंटाळा यावा असे प्रसंग थोडे नव्हते. चौदा वर्षें राबल्यावरहि, २००९ सालीं, आपल्या देशांत ७४१ मुलांना पोलिओ झाला. जगांतील जवळजवळ निम्मे रुग्ण आपल्याकडेच होते. हें होणें नाहीं, असें जाणते लोकहि बोलूं लागले. पण फेऱ्या थांबल्या नाहींत, लसही सुधारली, आणि १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांतील एका बालिकेला झालेला पोलिओ हा देशांतील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोन देशांत रोगाचें ठाणें अद्यापि उठलेलें नाहीं; तेथें लस पाजणाऱ्यांनीं प्राणहि गमावले आहेत. म्हणून आपल्याकडील रविवारांनाहि अजून सुटी नाहीं.

तर श्रोतेहो, आरंभीं सांगितलेल्या दोन मतांचा निवाडा कसा करावा? मला एकच कसोटी सुचते. आपल्या गांवचें मंडळ, मग तें रोटरी असो, लायन्स असो कीं गल्लींतील गणेशोत्सवाचें असो, यंदा ज्या दाराशीं गेलें त्याच दाराशीं पुढील वर्षीं पुन्हां जातें काय? शाळेला दिलेलीं बांकें मोडलीं कीं नाहीं, लावलेलें झाड जगलें कीं नाहीं, चष्मा दिलेल्या म्हातारीला तो लागू पडला कीं नाहीं, हें कोणी जाऊन पाहतो काय? पाहत असेल तर त्यांच्या जेवणावळी आणि हारतुरे आपण खुशाल पोटांत घालावे. पाहत नसेल, तर बाहेरून नांवें ठेवण्यापेक्षां त्या शिकागोच्या वकिलासारखें आंत जाऊन घटनेंत जें कमी आहे तें लिहावें. सुशिक्षित गृहस्थ आणि गृहिणी यांजजवळ संपत्ति थोडी असेल, पण आठवड्याचा एक तास प्रत्येकाजवळ आहे. तो एक तास नेमानें देणारीं माणसें ज्या गांवांत आहेत, त्या गांवाला अनाथ म्हणतां येणार नाहीं.